हाताला चव असलेल्या चेटकिणी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ऐरोलीत राहता, नोकरी सांभाळून कादंबरी लिहिताय आणि 11 प्रकरणं झाली आहेत. ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र आहे. ते चालवणाऱ्या आजी (घरात तिला माई म्हणतात), आई आणि मावशी या तिघी चेटकिणी आहेत, पण तसं त्या कुणाला सांगत नाहीत. नायिका रेवा बंगळुरूची नोकरी सोडून परत आली आहे. कोपरखैरण्याहून रोज ठाण्याला कामाला येणारा एक मुलगा तिच्याकडून डबा नेतो. ज्या मैत्रिणींना वाचायला दिलंत त्या म्हणाल्या, 'गोड आहे गं, पण जादू खोटी वाटते.' म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चेटकीण हा शब्द वापरावा का? स्वयंपाकातली जादू खरी कशी वाटेल? आणि प्रेमकथा पाकासारखी चिकट होऊ नये म्हणून काय करावं?

मी 22 वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते आहे. त्याच्या कितीतरी आधी, चरईतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये आई डबे करायची, तेव्हा कॉलेजला जाण्यापूर्वी पोळ्या शेकायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे तुमची पहिली 4 प्रकरणं (आणि सोबत पाठवलेला पुढच्या प्रकरणांचा आराखडा) मी दोन्ही चष्मे लावून वाचली. संपादकाच्या चष्म्यातून ती बरी दिसली. पोळ्या शेकणारीच्या चष्म्यातून बऱ्याच ठिकाणी पीठ कच्चं दिसलं.

आधी शब्दाचं बघू.

चेटकीण हा शब्द मराठी वाचकाकडे दोन वाटांनी येतो. एक वाट बालनाट्याची. बाकदार नाक, पिंजारलेले केस, खरखरीत हसणं आणि आत बहुतेक वेळा पुरुष नट. गडकरी रंगायतनला मुलांना घेऊन गेलेल्या कुठल्याही आईला ही चेटकीण ठाऊक असते. तिला कुणी घाबरत नाही, मुलं तर तिलाच बघायला जातात. दुसऱ्या वाटेवर हसण्यासारखं काही नाही. नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, जीवही गेले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्याविरुद्ध वर्षानुवर्षं काम करत आले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. करणी केल्याचा आळ घालून एखादीचं जगणं मुश्कील करणं हा त्याखाली गुन्हा आहे. कादंबरीत जादू लिहायला या कायद्याची काही आडकाठी नाही, ती भीती मनातून काढून टाका. पण तुमच्या वाचकाने हे सगळं वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. तुमची माई चहा ओतता ओतता 'आम्ही चेटकिणी बाई' असं म्हणून गेली की तो अडखळतो. मीही अडखळले.

माझं मत विचाराल तर शब्द ठेवा, पण बाहेरच्यांच्या तोंडी ठेवा. दुसऱ्या प्रकरणात वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात कुजबुजतात, तिथे तो फिट्ट बसलाय. तिथे त्याला थोडी धारही आहे आणि ती हवी. घरातल्या घरात मात्र त्यांचा स्वतःचा शब्द पाहिजे, आणि तो शोधायला लांब जायला नको. आपण म्हणतोच ना, 'तिच्या हाताला चव आहे.' कुठल्याही मराठी घरात हे वाक्य बोललं जातं आणि बोलणाऱ्याला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. तेच पीठ, तीच आमटी, तोच गॅस, तरी एकीची आमटी ओरपावीशी वाटते आणि दुसरीची नुसतीच पोटात जाते. तुमच्या घरात या गोष्टीला नुसतं 'हात' म्हणू द्या. 'रेवाला अजून हात आला नाही.' 'माईचा हात आता थकला.' 'मावशीने रागाच्या भरात हात सोडला आणि त्या दिवशी गोखले रोडवर तीन भांडणं झाली.' एवढ्याने तुमची निम्मी जादू वाचकाच्या घशाखाली उतरेल, कारण तो ती आधीपासूनच मानत आलाय.

याच ओघात केरसुणीचं सांगते. तिसऱ्या प्रकरणात मावशी पौर्णिमेच्या रात्री झाडूवर बसून येऊरच्या डोंगरावरून चक्कर मारून येते. प्रसंग लिहिलाय छान, पण तो झाडू युरोपातून आलाय. आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो आपण, चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं म्हणजे माईच्या हातचा धपाटा नक्की! म्हणून प्रसंग काढू नका, उलटा करा. मावशीने इंग्रजी सिनेमात बघून एकदा प्रयत्न केला आणि केरसुणी जागची हललीच नाही, रुसून बसली, तिची समजूत घालायला हळदकुंकू लागलं, असं काही. यात विनोद आहे आणि तो आपल्या घरातला आहे. चेटकिणींच्या अमावास्येच्या सभेचंही तसंच. आपल्या बायकांना जमायला जंगल कधी लागलंय? चैत्रातलं हळदीकुंकू आहे, आंब्याची डाळ आणि पन्हं आहे, मंगळागौरीचं जागरण आहे, झालंच तर महिन्याची भिशी आहे. भिशीच्या चिठ्ठीत या वेळी पैशांऐवजी काय निघतं, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तुम्ही ती वापरलेली नाही. तुमचा नायक कोपरखैरण्याचा आहे. नवी मुंबई वसण्याआधीपासून ती आगरी-कोळ्यांची गावं आहेत. आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाते आणि तिच्या गाण्याने लग्नाचे विधी पुढे सरकतात, बाईच्या आवाजात. त्याची आजी धवलारीण असू दे. म्हणजे एका घरात हात आणि दुसऱ्या घरात गळा. रेवा पहिल्यांदा त्यांच्याकडे जाते, तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा मोडते, आणि ती म्हातारी तिच्याकडे नुसती बघत राहते. तिला कळलंय. हे दोघींनाही कळलंय आणि नातवाला काहीच कळलेलं नाही. तुमच्या दोन घरांमध्ये सध्या मला कुठलाच धागा दिसत नाही, तो इथे मिळेल.

आता जादूकडे येते. इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण कादंबरी इथेच अडली आहे.

चौथ्या प्रकरणात सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुनर्विकासावरून भांडण पेटतं, मावशी आमटीत चिमूटभर निळी पूड टाकते आणि सगळे शांत होतात. ही निळी पूड आली कुठून? कशाची आहे? ती उरली तर डब्यात ठेवतात की फ्रीजमध्ये? माईच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत, त्यांतल्या कुठल्या वाटीत ती असते? तुम्हाला माहीत नाही, कारण ती तुमच्या स्वयंपाकघरातून आलेली नाही, तिथे नुसती ठेवून दिली आहे. मैत्रिणींना जादू खोटी वाटली ती इथे.

खऱ्या स्वयंपाकघरात आश्चर्यं कमी आहेत का? पिवळ्याधमक हळदीत ओला चुना कालवला की ती लालभडक होते, जुन्या काळी कुंकू असंच करायचे. आमसुलाच्या आगळात नारळाचं दूध पडलं की तो गुलाबी रंग कुठून येतो, हे लहान मूल दर वेळी नव्याने बघतं. गोकर्णीच्या निळ्या चहात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. (तुम्हाला निळंच हवं असेल तर हे घ्या, निदान गोकर्णीचा वेल ठाण्यातल्या प्रत्येक तिसऱ्या बाल्कनीत आहे.) हे सगळं रसायनशास्त्र आहे, आणि ते ठाऊक असलेल्या माणसालाही क्षणभर थांबायला लावतं. तुमची जादू या क्षणभरात सुरू झाली पाहिजे.

शेवळं घ्या. पहिल्या पावसाच्या सुमाराला ठाण्याच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या, येऊरच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. दिसायला मळकट तांबूस कोंब, नवख्याने हातही लावू नये असे. नीट केली नाहीत तर घसा असा खवखवतो की बोलता येत नाही, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि सोबत काकडं पाहिजेत. काकडं म्हणजे त्याच बायकांकडे मिळणारी छोटी, हिरवी, आंबट फळं. ती कुटून त्यांचा रस घातला की खाज मरते. जंगलात एकाच मोसमात विष आणि उतारा शेजारी शेजारी येतात, आणि कुणा बाईला ते कधीतरी कळलं. ठाण्यातल्या सीकेपी घरांत शेवळाच्या भाजीत कोलंबी पडते आणि त्या दिवशी जेवणावर कुणी बोलत नाही. आता तुमची जादू यावर बसवा. माई शेवळं करते त्या दिवशी जेवणाऱ्याच्या घशात अडकलेलं, वर्षानुवर्षं न बोललेलं काहीतरी मोकळं होतं. काकडं कमी पडली तर नुसतंच खवखवतं, शब्द येत नाहीत. आणि हे वर्षातून दोन-तीन आठवडेच करता येतं. बघा, पदार्थाच्या स्वभावातूनच जादूचा स्वभाव निघाला, तिची मर्यादाही निघाली आणि धोकाही. तुम्हाला वेगळं काही रचावं लागलं नाही.

मर्यादांसाठीही घरातच बघा. दिवेलागणीनंतर विरजण, मीठ शेजारी देत नाहीत, हे आपण ऐकत मोठे झालो. का देत नाहीत ते कुणी सांगितलं नाही. तुमच्या घरात त्याला कारण असू द्या. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढताना विस्तवावर मिरच्या टाकतात आणि ठसका आला नाही तर 'बघ, केवढी लागली होती' म्हणतात. ठसका न येणं ही खूण आहे! गैरहजेरीतून कळणारी जादू मला फार आवडते, ती तुमच्या कुठल्याच प्रकरणात नाही.

अनारशांची एक गोष्ट सांगते आणि मग पुढे जाते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून, कुटून गुळात मळायचं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरतो, विरघळून जाळी जाळी होतो. त्याला बायका 'अनारसे हसले' म्हणतात. आमच्याकडे एका दिवाळीत 2 किलोंची ऑर्डर होती आणि पहिल्या घाण्यापासून सगळे हसले. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, दृष्ट लागली. आई म्हणाली, गूळ जास्त झाला. रात्री वडिलांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'मोजताना मन थाऱ्यावर नव्हतं.' मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन. एका परातभर पिठाला तीन कारणं, आणि आमच्या दोन खोल्यांत तिन्ही एकाच वेळी खरी होती. तुमची जादू या तिसऱ्या कारणात राहते. पहिल्यात नेलीत तर ती भोंदूगिरी होते, दुसऱ्यात नेलीत तर पाककृती होते. मन कुठे होतं, ते पदार्थात उतरतं. एवढा एकच नियम ठेवा आणि कडक पाळा. मग रेवा भांडून आलेल्या दिवशीच्या पोळ्या खाऊन बाहेर गिऱ्हाइकं का कुरकुरतात ते सांगावं लागणार नाही.

त्यालाच जोडून दुसरा नियम येतो, आणि प्रेमकथेचा सगळा भार त्यावर आहे. जेवणाने खाणाऱ्याच्या मनात जे आहे ते वर येईल, जे नाही ते पेरलं जाणार नाही.

लोकलच्या डब्यात चिकटवलेले 'मनचाही शादी, वशीकरण, 24 तासांत गॅरंटी' वाले कागद तुम्ही रोज बघत असाल. सहाव्या प्रकरणाच्या आराखड्यात रेवा त्या मुलाच्या डब्यात 'थोडं प्रेम' घालते असं तुम्ही लिहिलंय. हे तेच झालं, फक्त गाजराच्या हलव्यात. लिहिताना गोड वाटतं, पण मुलगी-मुलगा अदलाबदल करून बघा. एखादा मुलगा एखाद्या मुलीच्या डब्यात तिला न सांगता असं काही घालतोय. लगेच पोटात ढवळतं की नाही? मी एकदा अशी कादंबरी हातावेगळी केली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. नायिकेने सरबतातून नायक मिळवला होता. मला त्यात खटकलं नाही, लेखिकेलाही नाही. पुस्तक आल्यावर एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: लग्नानंतर सरबत संपलं की काय? ते कार्ड मी अजून ठेवलंय.

पण तो प्रसंग तुम्ही टाकून देऊ नका. फक्त ती चूक आहे हे कादंबरीला कळू द्या. समजा रेवाने मुद्दाम काही घातलं नाही, पण तिचं मन त्याच्यावर होतं आणि ते रोज डब्यातून उतरत गेलं. पाच महिने तो ते खातोय. त्याला दुपारी दीडच्या सुमाराला कारण नसताना बरं वाटतं. तिला हे लक्षात येतं तेव्हा ती घाबरते: याला मी आवडते की माझी भाजी? आणि हे त्याला सांगायचं कसं? कादंबरीच्या मध्यावर मला हे हवंय. माई म्हणेल, 'सांगायची काय गरज? आम्ही कुणी सांगितलं?' आई गप्प राहील, आणि ती गप्प का राहिली हे वाचकाला दोन प्रकरणांनी कळेल.

सांगितल्यावर तो चिडला पाहिजे, खरोखरचा. समजूतदार नायकांचा मला कंटाळा आलाय. त्याने डबा बंद करावा. दोन आठवडे कोपरखैरण्याहून घरचा डबा आणावा, आईने केलेलं सुकट नाहीतर वांगं, आणि दुपारी दीडला आपल्याला कसं वाटतं ते स्वतःच तपासावं. मग एके दिवशी त्याने केंद्रावर यावं आणि म्हणावं, वरणभात दे, बाकी काही नको, हात न लावता. रेवाला आता हात आवरून स्वयंपाक करायचाय आणि ते तिला कधी जमलेलं नाही. वरण पातळ होतं, मीठ कमी पडतं, भात थोडा फडफडीत. तो समोर बसून सगळं खातो. मीठ मागून घेतो. माझ्यापुरती ही प्रेमकथा इथे लागते, पुढे तुम्ही त्यांना तलावपाळीवर फिरवा नाहीतर लग्न लावा. (नायकाला वासच येत नाही, चवच लागत नाही, म्हणून त्याच्यावर जादू चालत नाही, असं करण्याचा मोह तुम्हाला होईल. मलाही क्षणभर झाला. नको. त्यात त्याला काही ठरवावंच लागत नाही.)

पाक चिकट होण्याचं म्हणाल तर तो उशिरापर्यंत गॅसवर ठेवल्याने होतो. तुमचे तीन प्रसंग 'आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले' यावर संपतात. ते वाक्य तिन्ही ठिकाणी काढा, आधीच्या वाक्यावर प्रसंग उतरवा. त्याऐवजी दोघांना हाताने करायचं काम द्या. वालाचं बिरडं आहेच तुमच्याकडे. कडवे वाल रात्रभर भिजवलेले, फडक्यात बांधून मोड आणलेले, मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचे. चिमटीत दाबला की दाणा सालीतून सटकतो, कधी उडून समोरच्याच्या कपाळावर जातो. दोन किलो वाल सोलायला बसलेली दोन माणसं मान खाली घालून जे बोलतात ते समोरासमोर बसून कधीच बोलणार नाहीत. आमच्या घरातली निम्मी लग्नं आणि सगळी भांडणं वालांच्या पातेल्याभोवती ठरली.

कुटुंबाबद्दल एक मोठी शंका आहे. तुम्ही जादू रक्ताने चालवली आहे: माई, तिच्या मुली, मग रेवा. इंग्रजी कादंबऱ्यांत तसं असतं. आपल्याकडे स्वयंपाक रक्ताने जातो का? लेक आईचा हात घेऊन दुसऱ्या घरी जाते आणि तिथे सासूच्या हाताखाली तिला तो विसरावा लागतो. घरची चव पुढे जाते ती सुनेकडून, जिचा त्या घराशी रक्ताचा काही संबंध नसतो. पंधरा वर्षं कुरबुर करत, 'आमच्याकडे यात गूळ घालतात हो' ऐकत ऐकत, शेवटी सासूचा हात सुनेत उतरतो. मग सासू गेल्यावर मुलगा एक घास घेतो आणि थांबतो. यापेक्षा मोठी जादू मला माहीत नाही, आणि तुमच्या कादंबरीत एकही सून नाही. मला विचाराल तर रेवाची आई माईची मुलगी नसून सून असावी. मावशीची आत्या होईल, बिघडत काही नाही, आत्या जास्तच खट्याळ असते. मग घरातला पेच आपोआप उभा राहतो. पोटच्या मुलीत हात धड उतरला नाही, सुनेत पूर्ण उतरला, आणि यावर गेली तीस वर्षं कुणी एक शब्द बोललेलं नाही. आई गप्प का राहिली याचं उत्तरही कदाचित इथेच सापडेल. तिलाही कधीतरी कुणीतरी न विचारता काहीतरी वाढलं होतं. हे कोडं तुम्ही सोडवा, मी नाही सांगणार.

तिघींची मापं वेगळी ठेवा, हे एक छोटं पण कामाचं. माई मूठ, चिमूट आणि 'डोळ्याला दिसेल इतकं' या मापात बोलते. आई कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नंतरची, म्हणजे 1970 नंतरची गृहिणी, तिचं सगळं वाटी-चमच्यात. रेवाकडे डिजिटल काटा आहे. माईचा मंत्र रेवा ग्रॅममध्ये लिहून घेते आणि तो चालत नाही, हा विनोदी प्रसंग आहे. तो चालतो आणि माईला वाईट वाटतं, हा त्याहून चांगला. दोन्ही लिहून बघा.

ठाण्याबद्दल फार सांगत नाही, तुम्हाला जागा माहीत आहे. फक्त तलावपाळी, कोपिनेश्वर, राम मारुती रोड ही नावं एका परिच्छेदात ओळीने घेऊ नका, ते पर्यटन खात्याचं पत्रक होतं. तुमच्या माणसांच्या पायांतून जागा येऊ द्या. मसाले संपले की आत्याला सकाळच्या ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला पाठवा. मार्केटमधल्या मसाला बाजारात उतरल्यावर तिच्या नाकाला काय होतं ते लिहा. हात असलेल्या बाईला तिथे हजार पोत्यांमधून हजार शेतांची मनं एकदम ऐकू येत असतील, ती भोवळ येऊन बसेल एखाद्या हमालाच्या शेजारी. पोळीभाजी केंद्राचं वेळापत्रकही तपासा. तुमची रेवा सकाळी आठला उठून साडेनऊला 200 पोळ्या तयार ठेवते. आमच्याकडे आई आणि मदतीच्या दोघी मिळून पाचला कणीक मळायला घेत, तेव्हा कुठे नऊचे डबे निघत. जादू असली तरी कणीक मुरायला अर्धा तास लागतोच. आणि भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचं प्रमाणपत्र लावा, माईच्या अन्नपूर्णेच्या तसबिरीशेजारी. अन्नपूर्णेला वाहिलेलं फूल रोज त्या प्रमाणपत्रावरच पडतं, असं काही.

भाषेचं एकच. तुमच्याकडे 'सुगंध दरवळला' 9 वेळा आलंय. आपल्या भाषेत अन्न तडतडतं, खदखदतं, रटरटतं, आटतं, मुरतं, लागतं, करपतं, उतू जातं, आणि माणसंही नेमकं हेच सगळं करतात. ते शब्द वापरा, दरवळू कमी द्या.

शेवटी एक चूक, जी वाचणारी पहिली बाई पकडेल. दहाव्या प्रकरणाच्या आराखड्यात माई दिवाळीच्या पहिल्या दिवशी शेवळाची भाजी करते. शेवळं जूनमध्ये येतात आणि पाऊस लागला की संपतात. एक तर दिवाळी हलवा, नाहीतर भाजी. मी भाजी हलवेन, दिवाळीला अनारसे आहेतच. आणि त्या सकाळी ते हसले, तर कोणाचं मन थाऱ्यावर नव्हतं हे लिहायला घेण्याआधी स्वतःशी नक्की करून ठेवा.